जंगलात गेला होता का?

माकडतापाच्या पाहणीसाठी घरोघर भरून घेत होतो त्या आमच्या फॉर्मातला तो अकरावा प्रश्न. 'ताप येण्याआधीच्या दोन आठवड्यांत तुम्ही जंगलात गेला होता का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. सिंधुदुर्गात बांद्याजवळच्या त्या वाडीत सकाळपासून बारा घरं झाली होती आणि बाराही ठिकाणी मी 'नाही'वर खूण केली होती. माकडताप होऊन गेलेल्यांचं उत्तर नाही, आणि तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या धडधाकट माणसांचंही नाहीच. कागदावर बघितलं तर या तापाचा जंगलाशी काडीचा संबंध नव्हता.

हे पटण्यासारखं नव्हतं. हा ताप आला तोच जंगलातून. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने पडली. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेने तो विषाणू शोधला, तीच आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. 2016 मध्ये हा ताप आपल्या दोडामार्गात आला, पुढे बांद्याकडे सरकला. माणसाकडून माणसाला तो होत नाही. पसरवते ती गोचीड, आणि तीही गुरांच्या अंगावर टुम्म फुगलेली दिसते ती नव्हे. माणसाला चावतं ते तिचं पिल्लू. आम्ही त्याला निम्फ म्हणतो. तिळाहून बारीक, चावलेलं कळतही नाही. पावसाळा संपून पाचोळा वाळला की यांचा सुकाळ, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात.

तेराव्या घरी आजी खळ्यात काजी वाळत घालत बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी तापातून उठलेली, आवाज अजून खोल गेलेला. मी अकरावा प्रश्न विचारला.

"जंगलात? नाय रे झिला. ह्या वयात मी जंगलात जावन काय करतलंय?"

खूण करायला पेन टेकवलं आणि नजर त्या काजींवर गेली. "मग या काजी कुठल्या, आजी?"

"बागेतल्यो. रोज सकाळी जातंय. बाग म्हणजे काय जंगल?"

मी फॉर्म मिटून पिशवीत टाकला. "बाग दाखवता?"

बाग घराच्या मागेच, चढावर. वरच्या अंगाला जांभ्याचा गडगा होता म्हणे. होता, कारण आता चार ठिकाणी ढासळलेला, आणि पलीकडे सरळ रान. काजू कुठे संपते आणि रानातली ऐन, किंजळीची झाडं कुठे सुरू होतात, हे आजीला ठाऊक, सातबाऱ्याला ठाऊक. गोचिडीला कोण सांगणार! पायाखाली घोटाभर पातेरा, म्हणजे वाळलेला पाचोळा. आजीने हात करून एक झाड दाखवलं. "थंयच तो वानर मेलेलो गावलेलो."

माकड मेलं की अंग थंड पडतं आणि त्याच्यावरच्या गोचिड्या खाली उतरून आसपास पांगतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा, असं आम्ही गावोगाव सांगत असतो. आजीच्या मुलाने काय केलं होतं? काठीने ढकलून बांधाखाली टाकलं होतं. वास मारायला लागला म्हणून.

गाडीतून पांढरं फ्लॅनेल आणलं. आमचं हत्यार एवढंच. काठीला बांधलेलं कापड पातेऱ्यावरून सावकाश ओढायचं, दहा पावलांवर उलटं करून बघायचं. पहिल्याच खेपेला कापडावर मिरी भरडून उधळावी तसे ठिपके, आणि ठिपके चालत होते. चिमट्याने एकेक उचलून कुप्यांत भरताना तास गेला. आजी शेजारी उकिडवी बसून बघत होती, त्याच पातेऱ्यावर. "आजी, आधी उठा तिथून," असं मी जवळजवळ ओरडलोच. गोचिडीला पळवणारं तेल दिलं होतं ते लावता का, हेही विचारलं. तर म्हणे, हाताला तेल असलं की बोंडातून काजी पिळून काढताना सुटते. या तेलाबद्दल आमच्या एकाही भित्तिपत्रकात हे नव्हतं.

संध्याकाळी सरांना फोन केला. प्रश्न बदलूया म्हणालो. ते वैतागले, आणि त्यांचं चूक नव्हतं. अर्ध्यात प्रश्न बदलला तर आधीची घरं आणि नंतरची घरं यांची तुलना करायची कशी? बराच वेळ घासाघीस होऊन ठरलं ते असं: जुना प्रश्न तसाच ठेवायचा, त्याच्याखाली नवे घालायचे आणि झालेली घरं पुन्हा करायची. बाग, पातेरा, लाकूडफाटा, गुरं चारणं, सगळं वेगवेगळं विचारायचं.

आठवडा त्यात गेला. आणि गंमत बघा, आता बहुतेक सगळ्यांचं उत्तर 'हो' आलं. तापवाल्यांचं हो, धडधाकटांचंही हो. म्हणजे पुन्हा फरक दिसेना! मार्च महिन्यात या वाडीत बागेत न जाणारा माणूस आणायचा कुठून? तेव्हा मग कोण जातं हे सोडून, गेल्यावर कोण काय करतं, याच्या मागे लागलो.

आजीकडे दुसऱ्यांदा गेलो ते हेच विचारायला. बागेत गेल्यावर पहिल्यापासून काय काय करता, सांगा. तिने सुनेला चहा टाकायला सांगितला आणि सुरुवात केली. पेज कुठे बसून खाते, बोंडं कुठे टाकते, पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेण्याआधी कुठे टेकवते. फॉर्मात उत्तराला एक ओळ ठेवली होती. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेलो.