वाडा उतरला

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, माणगाव तालुका

भाताची झोडणी संपत आली की आमच्या भागात देशावरचे मेंढपाळ येतात. फलटण, माण, खटाव या बाजूची ही धनगर कुटुंबे दिवाळी उरकून घर सोडतात, मजल-दरमजल करत सह्याद्रीचे घाट उतरतात, उन्हाळाभर कोकणात राहतात आणि मृगाचा पाऊस लागण्याच्या आत पुन्हा वर चढतात. आज खालच्या मळवीत, म्हणजे सखल भातशेतात, एक वाडा उतरला आहे. वाडा म्हणजे एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा तळ: त्यांची मेंढरे, सामान वाहणारी घोडी, राखणीची कुत्री आणि डालग्यात बसून प्रवास करणाऱ्या कोंबड्या.

या लोकांविषयी गावात अजूनही ‘आज इथे, उद्या तिथे, यांना काय’ असे सहज बोलले जाते, आणि ते ऐकले की मला वाईट वाटते. कारण मेंढपाळाच्या भटकण्याइतके हिशेबी भटकणे मी दुसरे पाहिलेले नाही. माण-फलटणचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. तिथे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि आमच्या रायगड जिल्ह्यात तो ३००० मिलिमीटरच्याही वर जातो. पावसाळ्यात माळावर उगवणारे कुसळीचे गवत हिवाळ्यात वाळून सरत येते, नेमकी त्याच वेळी कोकणातली खाचरे कापणीनंतर मोकळी होतात आणि बांधाबांधावर हिरवा पाला असतो. तिथली टंचाई आणि इथली मोकळी जमीन यांची सांगड या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातली आहे. परतीची वेळही त्यांच्या मर्जीवर नसते. दख्खनी मेंढी कोरड्या हवेची. कोकणच्या संततधारेत तिचे खूर कुजतात आणि पोटात जंत वाढतात, म्हणून आभाळ भरून येण्यापूर्वी घाट चढलाच पाहिजे.

आज संध्याकाळी खाचरात मेंढरे कशी बसवतात ते पुन्हा एकदा शेवटपर्यंत पाहिले. दिवसभर चरून आलेला कळप बांधावरून खाली उतरला, तेव्हा मागे ठेवलेल्या कोकरांनी एकच कालवा केला. एका बाईने त्यांना मोकळे सोडले आणि पुढची काही मिनिटे नुसती धांदल होती: शेकडो मेंढ्या ओरडताहेत, कोकरे त्यांच्या पायांतून धावताहेत, चुकीच्या मेंढीपाशी गेलेले कोकरू तिची ढुशी खाऊन पुढे पळते आहे. आवाजावरून जवळ यायचे आणि वासावरून खात्री करायची, अशी ही ओळख असते. ज्या दोन-तीन कोकरांना आई सापडली नाही, त्यांना त्या बाईने एकेक करून उचलले आणि इतक्या मेंढ्यांतून नेमक्या त्यांच्या आयांपाशी नेऊन सोडले. मला त्या सगळ्या मेंढ्या सारख्याच काळ्या दिसत होत्या.

मग खुंट ठोकून जाळीची वाघर लावली आणि कळप आत घेतला. वाघरीतली जागा मुद्दाम आटोपशीर ठेवतात, म्हणजे लेंड्या आणि मूत विखरून वाया न जाता तेवढ्याच तुकड्यात पडतात आणि खुरांखाली तुडवले जाऊन मातीत बसतात. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या तुकड्यावर सरकते आणि असे करत सगळे शेत खतावून निघते. ज्यांनी डोक्यावर पाट्या घेऊन शेणखत शेतात नेले आहे, त्यांना या खताची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. त्याच्या बदल्यात शेतकरी भात किंवा रोख पैसे देतो. इथे किती रात्री बसणार म्हणून मी विचारले, तर वाड्यातल्या जाणत्या बाबांनी पायाने माती उकरून पाहिली आणि म्हणाले, “हितं दोन राती पुरं हायत, गुरुजी. वरचं रान हलकं हाय, तितं चार बसवू.” माझ्या शेताची माती त्यांनी माझ्याइतकीच ओळखली होती.

पाल ठोकणे, पाणी शोधणे, भाकऱ्या, लेकरे, आजारी मेंढीचे औषधपाणी, शेतकऱ्याकडून धान्य मोजून घेणे, हे सारे बायकांच्या अंगावर असते. पुरुष कळपामागे रानात असतात आणि तळ हलवायच्या दिवशी घोड्यांवर बिऱ्हाड लादून पुढे जातात त्या बायकाच. मेंढपाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काठी घेतलेला, खांद्यावर घोंगडी टाकलेला पुरुषच उभा राहतो. ते चित्र निम्मेच आहे.

त्या घोंगडीचेही दिवस पालटले. मेंढ्यांची कातरणी करायची, लोकर पिंजून सूत काढायचे, घोंगड्या विणणाऱ्या सनगरांनी ते मागावर विणायचे आणि चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी घट्ट करायची, असा एक मोठा व्यवहार या मेंढीभोवती उभा होता. आज दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीतून बहुतेक वेळा कातरणीची मजुरीही सुटत नाही. उत्पन्न राहिले ते मांसासाठी विकल्या जाणाऱ्या जनावरांचे आणि रानात बसवण्याचे. म्हणून काही जण अंगाने मोठ्या, बाकदार नाकाच्या माडग्याळ मेंढ्यांकडे वळले आहेत.

पण खरी अडचण वाटेची आहे. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणातल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्या योजनेने आमच्या लोकांना पैसा दाखवला, हे मी नाकारणार नाही. मात्र तेव्हापासून चरणीच्या जागांना कुंपणे पडत गेली. पुढे जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊसच्या भिंती आल्या, महामार्ग रुंदावला. देशावर कालव्याच्या पाण्याने ऊस आला, उरलेले माळ सरकारदप्तरी ‘पडीक’ ठरले आणि त्यावर झाडे लावणे पुण्याचे काम झाले. लांडगा, खोकड, माळढोक हे सारे त्याच उघड्या माळाचे रहिवासी आहेत, याचा विचार फारसा कोणी केला नाही. लांडगा मेंढरू उचलतो, तरी त्याच्यासह या माळावर राहण्याची रीत मेंढपाळांनी टिकवली होती. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले, याचा मला मनापासून आनंद आहे. आमच्या तालुक्यात त्याचा एवढा जरी परिणाम झाला की मेंढरांच्या जुन्या वाटा आणि पाणवठे गावनकाशावर नोंदले गेले, तरी मी ते वर्ष सार्थकी लागले असे म्हणेन. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडायचे मी ठरवले आहे. बांधाला लागून असलेली पायवाट कुंपण घालताना मोकळी सोडावी, एवढीच मागणी आहे, आणि तिला खर्च येत नाही.

आज चंपाषष्ठी असल्यामुळे वाड्यावर खंडोबाची तळी भरली. बाणाईसाठी खंडोबा धनगरवाड्यावर चाकरीला राहिला आणि त्याने मेंढरे राखली, ही कथा या लोकांना तोंडपाठ आहे. देवाने हे काम केले, याचा त्यांना अभिमान वाटतो आणि तो वाटावाच. भरीत-रोडग्याचा प्रसाद आम्हालाही मिळाला. उद्या सकाळी वरच्या रानाच्या मालकाशी बोलून चार रात्रींचे भात ठरवून द्यायचे आहे.