आज घर भरलेलं होतं

सकाळी साडेसहाला बेल वाजली आणि दारात चिपळूणची मावशी, काका, दादा-वहिनी आणि त्यांची दोन पोरं, रात्रीच्या एसटीने कुंभार्ली घाट चढून कराडमार्गे पुण्यात, आणि सोबत पेंढ्यातली हापूसची पेटी, कोकमाच्या आगळाच्या बाटल्या आणि अख्खा बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा फणस!! एवढं ओझं घेऊन कशाला आलीस गं म्हटलं तर मावशी म्हणते, मग काय हात हलवत येऊ बहिणीकडे?

चहा झाल्या झाल्या हाताला खोबरेल तेल लावून तिने फणस फोडला पण, आई शेजारी गरे काढत बसली, आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या त्या थांबेचनात. आईला इतकं मोकळं हसताना मी कितीतरी महिन्यांनी बघितलं. दुपारी सांदणं केली, रस चाळून त्यात तांदळाची कणी आणि गूळ, वर नारळाचं दूध. बरकाच लागतो हं त्याला, कडक गऱ्यांच्या काप्याचा रस निघत नाही. आठळ्या मिठाच्या पाण्यात उकडून पोरांनी टीव्हीसमोर संपवल्या.

आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, हॉलमध्ये ओळीने गाद्या घातल्यात, लाईट बंद आहे पण खुसखुस चालूच, आई पण स्वतःची खोली सोडून मावशीच्या शेजारी जाऊन झोपलीये. परवा संध्याकाळची एसटी आहे त्यांची, मी उद्याची सुट्टी टाकली.