पांदडां पडे ज नहीं

बडोद्यात, अलकापुरीत कॉफीचं एक नवं दुकान निघालंय. त्याच्या दाराशी मेपलचं झाड आहे, बारा महिने लालभडक. खोड फायबरचं, पानं कापडाची. मे महिन्यातल्या भर दुपारी तिथला वॉचमन शिडीवर चढून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होता. शेजारच्या खऱ्या कडुलिंबाचा उपयोग एवढाच, की शिडी त्याच्या सावलीत होती. मी उगाच थांबलो. वॉचमन वरूनच म्हणाला, "आ झाड सारुं, साहेब. पांदडां पडे ज नहीं."

पानंच न पडणारं झाड! माझ्या आजीनं ते हुंडा देऊन घरी आणलं असतं.

दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात बदामाचं झाड होतं. देशी बदाम, मजल्यांसारख्या आडव्या फांद्यांचा. थंडी सरत आली की त्याची वीतभर पानं आधी पिवळी, मग शेंदरी, मग तांबडी व्हायची आणि धडाधड खाली यायची. आजी खराट्यानं ढीग करायची, ढीग बंबात जायचा. पानं नीट वाळलेली नसली की बंब धुमसायचा आणि न्हाणीतून आजोबांचा खोकला ऐकू यायचा. आजी झाडाकडे बघून म्हणायची, "मेल्या, जरा दमानं घे की." आम्हा मुलांचा डोळा फळांवर. वटवाघळं रात्री वरचा गर खाऊन बिया अंगणात टाकून जात. त्या दगडानं फोडायच्या. निम्म्या वेळा आतलं सगळं चिरडून जाई, आणि अख्खं निघालंच तर ते बोटाच्या पेराएवढंही नसे. ते सगळ्यांत धाकट्याला द्यायचं असा वाड्याचा कायदा होता. कायदा कोणी पाळल्याचं मला आठवत नाही. मी सगळ्यांत धाकटा होतो, त्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकतो.

त्या लाल पानांखाली उभं राहून कोणी फोटो काढला नाही. आता कापडाच्या पानांखाली रांग लागते. लाल पान म्हणजे मेपल, हे कॅनडानं 1965 साली झेंड्यावर छापून टाकल्यापासून आमच्या बदामाला कोण विचारतो! त्यातून आपल्याकडे लाल रंगाची खरी बहार असते ती नव्या पालवीत. पिंपळ बघा, आंबा बघा, चैत्राच्या आसपास कुसुम बघा. तिकडे पान जाताना लाल होतं, इकडे येताना. यावर मला काहीतरी फार खोल सुचलं होतं, पण दुपारची झोप लागली आणि ते गेलं.

माझा भाचा, ताईचा मुलगा, कॅनडात ओंटॅरिओत असतो. बऱ्यापैकी उत्तरेला. त्यानं तिथे घर घेतलं, मागे ओढा, ओढ्याकाठी भूर्ज आणि स्प्रूस. त्याखाली त्यानं मेपल लावला. मी विचारलं, "झेंड्यावरचा?" तर म्हणाला, "नाही मामा, हा त्यांच्यातला गरीब. माउंटन मेपल."

मग मी त्या गरिबाच्या मागे लागलो. न्यूफाउंडलंडपासून सस्कॅचेवानपर्यंत आणि खाली अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या उंच, गार माथ्यांवरून जॉर्जियापर्यंत याचं राज्य. पण राज्य कसलं, दुसऱ्यांच्या पायाशी वाढायचं. झाड म्हणावं तर झुडूप, बुंध्यातून चार-सहा दांडे फुटलेले, उंची फार तर पंचवीस-तीस फूट. पानाला तीन ठळक कोन, कडा दातेरी. फुलं मात्र ऐटीत: पानं फुटून झाल्यावर पिवळसर हिरव्या तुऱ्यांनी सरळ वर उभी राहतात. मग जोडपंखी बिया, उन्हाळ्यात लाली आलेल्या. शरदात पिवळा, नारिंगी, कधी लाल. मूस नावाचं ते अवाढव्य हरीण याच्या डहाळ्या आवडीनं खातं, म्हणून तिकडे याला मूस मेपलही म्हणतात.

बागेत घराच्या तोंडाशी मान जपानी मेपलचा. हा मागच्या अंगाला: मोठ्या झाडांच्या सावलीत, उतारावर, ओढ्याच्या काठी. फांदी वाकून मातीला टेकली की तिथेच मुळं धरते आणि काठ धरून ठेवते. मागणी एकच, मुळांशी गारवा आणि ओल. माती थोडी आंबट असली तर उत्तम. कडक ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात. मला हे झाड न बघताच आवडलं. दर्शनी बागांवर माझा पहिल्यापासून राग आहे. पाहुण्यांसाठी लावलेलं झाड आणि पाहुण्यांसाठी ठेवलेला सोफा, दोन्हींवर घरच्यांना बसता येत नाही.

बडोद्यात हा मेपल पहिला मेसुद्धा काढायचा नाही. आमच्या शेजाऱ्यांनी मात्र निळ्या पानांच्या मेपलच्या बिया ऑनलाइन मागवल्यात. मेपलमध्ये निळं पान नसतंच, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. बियांना आधी थंडी दाखवावी लागते एवढं त्यांनी वाचलंय, म्हणून पुडी फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी आहे. काकूंनी एकदा ती फोडणीत टाकली की प्रश्न सुटेल.

क्रुम्बिगेलला असा मोह झाला असेल का? जर्मनीतल्या ड्रेस्डेनकडचा माणूस, लंडनच्या क्यू बागेत काम केलेला, 1893 साली सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात बागा सांभाळायला आला. लहानपणापासून मेपल बघितलेले असणार. पण पुढे 1908 मध्ये बंगळूरच्या लालबागेत गेल्यावर त्यानं शहरभर उष्ण देशांतली झाडं लावली, एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा अशी. परमुलखात आपल्या गावची झाडं लावायचा हट्ट त्यानं धरला नाही. माझा भाचाही तिकडे शेवगा लावत बसला नाही म्हणा.

भाच्यानं पाठवलेला त्याच्या मेपलचा फोटो ताईनंही पाहिला. दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढंसं तर आहे. मोठं व्हायला किती वर्षं लागतात रे याला?"

ती इथे एकटी असते. तो परत येणार, असं अजून म्हणते.

"बघून सांगतो," म्हटलं, आणि चहा ठेवायला उठलो.