मधल्या फळीतला पोरगा

स्मरणिका समितीचा निरोप आला, 'शाळेच्या आठवणी लिहून द्या'. आठवणी माझ्या बॅचचे बाकीचे लिहितीलच. माझ्या वाट्याची दोन पानं मी आज आठवी-नववीत असलेल्या, घंटा झाली की दप्तरांचे गोलपोस्ट मांडणाऱ्या पोरांसाठी वापरतो. त्यातही मधल्या फळीत खेळणाऱ्यांसाठी. फॉरवर्डला शिकवायला कोल्हापुरात आख्खी पेठ उभी असते. मधल्या पोराच्या कानावर मात्र 'सोड की रं लवकर' एवढंच पडतं.

2017 साली 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. आपल्याकडं त्या संघातलं अनिकेत जाधवचं नाव सगळ्यांना पाठ आहे, आणि ते रास्तच आहे. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला तो आपल्या गावचा. पण त्या संघातले मधले खेळाडू बघा. कर्णधार अमरजितसिंग कियाम, सुरेशसिंग वांगजाम आणि जॅक्सन सिंग हे मणिपूरचे, लालेंगमाविया ऊर्फ आपुइया मिझोरमचा. त्या वयात गाजलेली पोरं पुढं कुठं जातात, हे समजून घ्यायला यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

जॅक्सन आधी त्या संघात नव्हताच. चंडीगडला शिकून तो मिनर्व्हा अकादमीच्या मुलांत खेळत होता. त्या मुलांनी सराव सामन्यात भारताच्या याच संघाला हरवलं, तेव्हा त्याच्याकडं नीट लक्ष गेलं. मग 9 ऑक्टोबर 2017, दिल्लीचं नेहरू स्टेडियम, समोर कोलंबिया. 82व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर आला आणि जॅक्सननं उंच उडी घेत हेडर मारला. 1-1. विश्वचषकातला भारताचा हा पहिला गोल. सगळ्यांना आठवतो तो इथपर्यंत. पुढच्याच मिनिटाला पेन्यालोझानं कोलंबियाचा दुसरा गोल केला आणि सामना 2-1 असा गेला.

मधल्या फळीतल्या पोरानं बघायचा तो हा दुसरा गोल. आपण गोल केला की पाय जमिनीवर नसतात, आवाजात कोणाचं काही ऐकू येत नाही, आणि समोरचा संघ चेंडू मध्यावर ठेवून तयार असतो. अशा वेळी बचावाकडं झुकलेल्या मधल्या खेळाडूची कामं ठरलेली आहेत. आधी आपली माणसं मोजायची. आपल्या दोन सेंटर बॅकच्या पुढं दहा-बारा मीटरवर उभं राहायचं, त्याच्या पुढं नाही. चेंडू बाजूनं जात असेल तर जाऊ द्यायचा, मधून जाऊ द्यायचा नाही. आणि पहिली दोन मिनिटं चेंडू हिसकायला धावत सुटायचं नाही. शालेय सामन्यांत गोलला लागून गोल बसतात ते बहुतेक वेळा याच चुकीमुळं.

विश्वचषक संपल्यावर या पोरांचं काय झालं, हा खरा मुद्दा. भारतीय फुटबॉल महासंघानं ती मोट न सोडता 'इंडियन ॲरोज' नावानं 2017-18 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे मोठ्यांच्या देशपातळीवरच्या साखळी स्पर्धेत उतरवली. परदेशी खेळाडू एकही नाही, सगळी पोरंटोरं. पहिल्याच सामन्यात गोव्यात बांबोळीला त्यांनी चेन्नई सिटीला 3-0 हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे. नंतर मात्र दणके बसले आणि संघ तळाला राहिला. त्यावर पुष्कळ टीका झाली. माझं मत उलटं आहे. गुणतक्ता काय म्हणायचं ते म्हणू दे, त्या पोरांना मोठ्यांविरुद्ध 18 सामन्यांचा हंगाम मिळाला. सतरा वर्षांखालच्या सामन्यात चेंडू घेतल्यावर मान वर करायला सवड मिळते. मोठ्यांच्या सामन्यात चेंडूच्या आधी खांदा येतो. तो खांदा कसा चुकवायचा हे शिबिरात शिकवता येत नाही.

मोठ्या क्लबात बगलेवरच्या पोराला शेवटची पंधरा मिनिटं तरी मैदानावर सोडतात. मधल्याला सोडत नाहीत, कारण तिथली एक चूक थेट गोलपर्यंत जाते. शिवाय क्लब आपले परदेशी खेळाडू मुख्यतः मधे आणि पुढंच लावतात. इंडियन सुपर लीगमध्ये 2020-21 पर्यंत मैदानावर पाच परदेशी चालायचे, 2021-22 पासून चार झाले. ही एक जागा कमी झाली त्याचं मोल मधल्या फळीतल्या पोरांनाच जास्त कळेल.

म्हणून आपुइयाची वाट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. 2019 मध्ये तो याच सुपर लीगमधल्या नॉर्थईस्ट युनायटेडकडं गेला. मोठ्या नावाचा क्लब नव्हे, पण खेळायला मिळणार होतं. 2020-21 चा हंगाम कोरोनामुळं सगळाच्या सगळा गोव्यात झाला, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान इथं. त्या हंगामात विशीच्या पोराच्या दंडावर कर्णधाराची पट्टी आली, संघ उपांत्य फेरीत गेला आणि उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार त्याला मिळाला. त्यानंतर 2021 मध्ये मुंबई सिटी. तिथं मोरोक्कोच्या अहमद जाहूहसारख्या मुरलेल्या खेळाडूच्या शेजारी उभं राहायचं होतं, पण तोवर पोरगा तयार होता. 2022-23 ची शील्ड (ती साखळीत पहिला येणाऱ्याला मिळते) आणि 2024 चा चषक (तो नंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याला) दोन्ही त्यानं मुंबईकडून जिंकले. हाच जर अठराव्या वर्षी मोठ्या क्लबच्या बाकावर बसला असता तर? बसलेले बरेच आहेत.

मार्च 2021 मध्ये दुबईत ओमानविरुद्ध भारताकडून एकाच सामन्यात दहा जणांनी पदार्पण केलं. सुरेश, जॅक्सन, आपुइया तिघंही त्यात होते. मुंबईचा रेनियर फर्नांडिसही होता, वय 25. तोही मधलाच. तेव्हा विसाव्या वर्षी नाव झालं नाही म्हणून कुणी स्टड खुंटीला टांगायची घाई करू नये.

आता मैदानावरचं. चेंडू घेताना पास देणाऱ्याकडं छाती करून सरळ उभं राहू नका, आडवं राहा. त्याच्या पायातून चेंडू सुटायच्या आधी एकदा आणि चेंडू वाटेत असताना एकदा खांद्यावरून मागं बघा. चेंडू लांबच्या पायानं घ्या, पाय सैल, पहिला टच हातभर पुढं. जवळच्या पायानं घेतला की अंग बंद होतं आणि चेंडू आला तिकडंच परत द्यावा लागतो. पाय ताठ ठेवला तर चेंडू उडून मागच्या गड्याच्या ताब्यात. आणि चेंडू पायात आल्यावर मागं बघणारा उशीरच करतो.

सरावाला तीन पोरं पुरतात. बारा-बारा मीटरवर तिघं एका रांगेत. पहिला पास देतो, मधला घेतो, चेंडू वाटेत असताना मागचा पोरगा हाताची बोटं वर करतो. मधल्यानं पहिल्या टचच्या आधी आकडा ओरडायचा आणि वळून मागच्याला पास द्यायचा. वीस पासचे तीन सेट, एक आड एक पाय, आठवड्यातून चार दिवस. पहिल्या आठवड्यात आकडे चुकतील. आकडा बरोबर आणि टच खराब, असं झालं तर अंतर पंधरा मीटर करा, म्हणजे जरा वेळ मिळतो.

क्रीडाशिक्षक सरांना एक विनंती. आपल्याकडं चेंडू दगडासारखा फुगवायची खोड आहे. नियमात हवेचा दाब 8.5 ते 15.6 पीएसआय चालतो. आपल्या कडक मैदानावर 9 च्या आसपास ठेवा. जास्त हवेचा चेंडू टप्प्याला गुडघ्यापर्यंत येतो आणि पोराचा टच बिघडतो तो चेंडूमुळं, दोष मात्र पोराला. वॉर्म-अपसाठी फिफाचा '11+' हा ठरलेला क्रम वापरा: 8 मिनिटं धावणं, 10 मिनिटं ताकद आणि तोल, शेवटची 2 मिनिटं वेगानं धावणं. तेरा ते पंधरा वयात पोरं झपाट्यानं वाढतात, तेव्हा टाच आणि गुडघ्याखालचं हाड दुखतं. 'नाटकं करतोय' म्हणू नका. शाळा, पेठ आणि अकादमी असे तीन संघ एका आठवड्यात खेळणारा पोरगा हमखास यात सापडतो.

पालकांसाठी कागदपत्रं. शाळेच्या स्पर्धा कितीही जिंकल्या तरी त्या महासंघाच्या नोंदणीत दिसत नाहीत. बाराव्या वर्षापासून पोराची संलग्न क्लबमार्फत नोंदणी असावी. पुढं खेळाडूची परदेशी क्लबकडं पैसे देऊन बदली झाली तर रकमेतले 5 टक्के 12 ते 23 वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: 12 ते 15 ला वर्षाला 0.25 टक्के, 16 ते 23 ला 0.5 टक्के. नोंद नसेल तर ज्या तालमीच्या क्लबनं त्याला घडवलं त्याला दमडी मिळत नाही. अठराच्या आतल्या खेळाडूचा करार फिफाच्या नियमानं तीन वर्षांपेक्षा जास्त नसतो, त्यामुळं पाच वर्षांच्या कागदावर कुणी सही मागितली तर आधी नियम दाखवा.

आणि वय. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाच्या हाडावरून वय तपासतात, तिथं नुसता दाखला पुरत नाही. पण इतर सगळीकडं दाखलाच लागतो. जन्माचा दाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर, तिन्हीकडं तारीख आणि नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आज घरी जाऊन बघा. फरक असेल तर पोरगा शाळेत आहे तोवरच, दहावीचा फॉर्म भरायच्या आधी, ऑफिसात अर्ज द्या. एकदा शाळा सोडली की तारीख बदलणं फार अवघड होतं.