अमेरिकेत एमएस करताना नोकरी शोधायची, तर आधी तारखा

नोकरी शोधायची म्हटलं की बहुतेक जण आधी रेझ्युमे उघडून बसतात. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर त्याआधी विद्यापीठाने दिलेला आय-20 हा कागद काढा आणि प्रोग्राम संपण्याची तारीख बघा. शंका असेल तर डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा विद्यापीठातला अधिकारी) विचारून ती पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं गणित तिच्यावर बसतं.

समजा ती 15 मे आहे. ओपीटीसाठीचा (शिकलेल्या विषयात तात्पुरतं काम करण्याची परवानगी) आय-765 फॉर्म 90 दिवस आधीपासून, म्हणजे 14 फेब्रुवारीपासून भरता येतो. प्रोग्राम संपल्यावर 60 दिवसांनी, 14 जुलैला, मुदत संपते. पण यात आणखी एक मुदत आहे आणि मुलं अडकतात ती तिथेच. डीएसओने सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत, ओपीटीची शिफारस टाकली की तिथून 30 दिवसांत अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) पोचायला हवा. नवा आय-20 हातात आला, 'सबमिशन्स होऊ देत, मग भरू' म्हणून बाजूला ठेवला आणि महिना उलटला, की अर्ज नामंजूर होतो आणि भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून कागद, फोटो आणि फीची तयारी आधी करा, शिफारस त्यानंतर मागा.

ओपीटी कधीपासून हवी, ही तारीख तुम्हीच निवडायची असते: आपल्या उदाहरणात 16 मे ते 14 जुलै यांमधली कुठलीही. ओपीटीच्या वर्षात बेरोजगारीचे एकूण 90 दिवस चालतात आणि ते ईएडी कार्डावरच्या (काम करण्याचा परवाना) सुरुवातीच्या तारखेपासून मोजले जातात. हातात ऑफर नसताना 16 मे टाकली, तर ऑगस्टच्या मध्यावर दिवस संपतात. 14 जुलै टाकली तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडतो. उलट ऑफर आहे आणि कंपनीला तुम्ही जूनच्या पहिल्या सोमवारी हवे आहात, तर जुलैची तारीख टाकून उपयोग नाही. कार्डावरच्या तारखेआधी एक दिवसही काम करता येत नाही. ऑफर नसेल तर उशिराची तारीख घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवड्याला किमान 20 तासांचं, शिकलेल्या विषयाशी संबंधित काम मिळालं, की तो काळ बेरोजगारीत धरत नाहीत. फक्त ते 10 दिवसांच्या आत एसईव्हीपी पोर्टलवर (ओपीटीवाल्यांसाठीची सरकारी वेबसाइट) नोंदवायचं. काम सुरू आहे पण नोंद नाही, तर सरकारी हिशेबात तुम्ही रिकामेच असता.

आता नोकरीच्या अर्जातले दोन प्रश्न. पहिला: अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर परवाना आहे का? ओपीटी असेल, किंवा रुजू होण्याच्या दिवशी हातात असणार असेल, तर उत्तर 'हो'. दुसरा: आत्ता किंवा भविष्यात स्पॉन्सरशिप, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी व्हिसाचा अर्ज करणं, लागेल का? पुढे एच-1बी हा नोकरीचा व्हिसा हवा असेल तर याचंही उत्तर 'हो'. 'नाही' लिहिलं की अर्ज पहिल्या गाळणीतून सुटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ऑफरनंतर खरं बाहेर आलं की अर्जात खोटी माहिती दिली म्हणून ऑफर मागे घेता येते, आणि बोलायला तोंड उरत नाही. 'हो' लिहा आणि रिक्रूटरच्या पहिल्या फोनवर नीट समजावून सांगा. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) पदवी असेल तर असं काहीसं: 'मला 12 महिने ओपीटी आहे आणि त्यानंतर 24 महिन्यांची मुदतवाढ मागता येते. या काळात कंपनीने एच-1बीची पिटिशन भरण्याची गरज नाही. मुदतवाढीसाठी कंपनी ई-व्हेरिफायमध्ये (कामाचा परवाना तपासण्याची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) असावी लागते आणि आय-983 हा ट्रेनिंग प्लॅन भरावा लागतो.' एवढं बोलून थांबा. समोरच्याला बऱ्याचदा हे नियम माहीत नसतात आणि 'स्पॉन्सरशिप' ऐकूनच तो बिचकलेला असतो.

सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या एच-1बीवरच्या एक लाख डॉलर्सच्या फीमुळे ही भीती आणखी वाढली. ऑक्टोबर 2025 मध्ये यूएससीआयएसने स्पष्ट केलं, की अमेरिकेत राहून एफ-1 वरून एच-1बीवर स्टेटस बदलणाऱ्यांच्या अर्जाला ती लागू नाही. हे रिक्रूटरला सांगता आलं पाहिजे. आणि हे नियम बदलत राहतात, म्हणून सांगण्याआधी डीएसओकडून ताजी स्थिती विचारून घ्या.

कंपन्या निवडताना यूएससीआयएसचं एच-1बी एम्प्लॉयर डेटा हब उघडा. कंपनीचं नाव आणि वर्ष टाकलं की मंजुऱ्या दिसतात. नुसता मोठा आकडा बघून खूश होऊ नका. नव्या मंजुऱ्या आणि आधीच्यांना मिळालेल्या मुदतवाढी वेगळ्या दाखवलेल्या असतात. मुदतवाढीच भरपूर आणि नव्या जवळजवळ शून्य असतील, तर ती कंपनी जुन्या लोकांना सांभाळते आहे, नवे घेत नाही. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था एच-1बीच्या 65,000 अधिक 20,000 च्या वार्षिक मर्यादेबाहेर असतात, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त अर्ज आल्यावर होणारी लॉटरी तिथे नाहीच. संशोधनाकडे ओढा असलेल्यांनी या जागा जरूर बघाव्यात. जाहिरातीत सिक्युरिटी क्लिअरन्स किंवा नागरिकत्वाची अट असेल तर वेळ घालवू नका.

'कागदावर नोकरी दाखवतो, 90 दिवसांची काळजी सोडा' म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीपासून लांब राहा. रेझ्युमेत चार वर्षांचा खोटा अनुभव घालून देणाऱ्यांपासून तर नक्कीच. कंपनी पकडली गेली की तिच्या नावावर असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याचं स्टेटस धोक्यात येतं, आणि ही नोंद पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी समोर येते. खूप वाईट वाटतं, कारण यात अडकणारी मुलं बहुतेकदा कर्जाच्या हप्त्याच्या धास्तीने अडकलेली असतात.

रेझ्युमे एक पान. फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट नंबर काहीही नको. भारतातल्या कंपनीचं नाव तिथे कुणाला माहीत असेलच असं नाही, म्हणून ती काय करते ते चार शब्दांत लिहा.

मुलाखतीत आपली मुलं सगळ्यात जास्त मार खातात ती 'आम्ही'पायी. 'आम्ही सिस्टिम फास्ट केली' हे शालीन वाटतं, पण ऐकणाऱ्याला तुम्ही काय केलं ते कळत नाही. तेच असं सांगा: 'रिपोर्ट यायला 40 सेकंद लागत होते. मी क्वेरी तपासली, एक इंडेक्स नव्हता, तो घातला, वेळ 3 सेकंदांवर आला. टीममधल्या दुसऱ्याने कॅशिंग केलं.' असे पाच-सहा प्रसंग तयार ठेवा, प्रत्येक दोन मिनिटांत संपणारा. त्यातला एक तरी बिघडलेल्या कामाचा असू द्या, तो विचारतातच. कोडिंगच्या फेरीत गप्प बसून बरोबर उत्तर काढण्यापेक्षा विचार बोलत बोलत सोडवणं जास्त मोलाचं ठरतं. मूळ देश किंवा धर्म विचारला, तर 'मला काम करायचा परवाना आहे' एवढ्यावर आणून विषय वळवा.

उन्हाळी इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकता शिकता काम करण्याची परवानगी, लागते. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर ती मिळते आणि आय-20 वर कंपनीचं नाव व तारखा छापून आल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. पूर्णवेळ सीपीटी 12 महिने भरली तर त्या पदवीची ओपीटी जाते. मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याची भरती आधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच सुरू करतात, म्हणून पहिल्या सेमिस्टरच्या करिअर फेअरलाच रेझ्युमे तयार हवा.

ऑफर आली की लेखी घ्या आणि रुजू होण्याची तारीख ईएडीच्या तारखेशी ताडून बघा. आय-9 मध्ये (कामाचा परवाना तपासण्यासाठी कंपनी भरून घेते तो फॉर्म) तुमचा भाग पहिल्याच दिवशी भरायचा असतो, आणि मूळ ईएडी कार्ड कामाच्या तीन दिवसांत दाखवायचं असतं. कार्ड टपालाने येतं, म्हणून घर बदललं असेल तर पत्ता 10 दिवसांत यूएससीआयएसला कळवा आणि डीएसओलाही.