कोकणकड्यावर शूटिंग: बोलायचं ते सकाळीच

हरिश्चंद्रगडावर व्हिडिओ करायला निघालात आणि संध्याकाळी कोकणकड्यावर उभं राहून कॅमेऱ्यासमोर बोलायचा बेत असेल, तर तो आधी रद्द करा. ‘सूर्यास्ताला कडा गाठ, लाइट झकास मिळतो,’ असं आम्हाला भेटेल त्याने सांगितलं. लाइट मिळतो, खोटं नाही. वाऱ्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

कड्याचं तोंड पश्चिमेला, आणि तो आत वळलेला. कोकणाकडून येणारा वारा त्यावर आपटून सरळ वर उसळतो. संध्याकाळी सूर्यही त्याच बाजूला. बोलणाऱ्याने दरीकडे तोंड केलं की चेहरा उजळतो, पण कॉलर माइकमध्ये नुसती फडफड. पाठ फिरवली की माइकला आडोसा मिळतो, चेहरा मात्र काळा. सूर्यास्ताची नुसती दृश्यं घ्या, आवाज नंतर लावा.

किट भाड्याने देणाऱ्याने ‘आउटडोअर सेट’ म्हणून जादा पैसे लावले. आत निघाला माइकवर चढवायचा फोमचा बोंडा! फोम खोलीत ठीक, कड्यावर कुचकामी. लांब केसांचं फरचं कव्हर डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या. लो-कट, म्हणजे खालचा घरघराट कापणारं सेटिंग, ८० ते १०० हर्ट्झला आणि आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. वाऱ्याने माइकमध्ये आवाजच फाटला, तर एडिटिंगमध्ये तो सुधारत नाही.

सकाळी सगळं उलटं, आणि सगळं आपल्या बाजूचं. पाठ दरीकडे, तोंड पठाराकडे: चेहऱ्यावर कोवळं ऊन, माइकला अंगाचा आडोसा. आदल्या संध्याकाळी सगळे वैतागलेले, आणि आता हेडफोनमध्ये एकेक शब्द स्वच्छ! अक्षरशः उड्या मारल्या. यासाठी मुक्काम कराच.

ऊन चढल्यावर एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी लेन्सवरची राखाडी काच, हवाच. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ १००, एफ/४ या सेटिंगला भर उन्हात पाचेक स्टॉप प्रकाश जास्त होतो (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे ३२ पट). म्हणून एनडी ३२ लागतो. रंगाची छटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स ५६०० केल्व्हिनला बांधून टाका, ऑटो नको.

गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत आवाज घुमतो, तिथे बोलू नका. पाचनई गावातून गडावर येणारी वाट सोपी, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गड अभयारण्यात येतो, परवानगीशिवाय ड्रोन काढू नका.

कड्यावर ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, खाली सॅक टांगा, आणि कॅमेऱ्याजवळ एक माणूस कायम बसवा.