डेटाय बेट: दोरीवर राहिलेले कपडे

रबरी बोटीत बसण्याआधी आमचे बूट घासून जंतुनाशकात बुडवून घेतले. बर्ड फ्लूमुळे बेटावर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगही खाली ठेवायची नाही, अशी सक्त ताकीद होती. त्यामुळे डेटाय बेटावरचा सगळा वेळ मी उभ्यानेच काढला.

अंटार्क्टिक वृत्ताच्या जरा दक्षिणेला हे खडकाळ बेट आहे. वर गेलं की ब्रिटिशांचं जुनं संशोधन केंद्र लागतं, 'बेस डब्ल्यू'. १९५६ साली उभारलं आणि मार्च १९५९ मध्ये सोडलं. सध्या एक ब्रिटिश वारसा संस्था त्याची निगा राखते.

आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. डोळे अंधाराला सरावले आणि आधी दिसले ते कपडे. दोरीवर लांब लोकरी विजारी वाळत घातलेल्या. वाळल्यावर काढायच्या राहून गेल्या, इतकंच. खाली फळीवर डबे. कडा गंजल्यात, पण लेबलं अजून वाचता येतात. मी त्या दोरीपाशीच बराच वेळ थांबले.

इथे भूसर्वेक्षण, भूशास्त्र आणि हवामानाच्या नोंदींचं काम चाले. गोठलेल्या समुद्रावरून कुत्र्यांच्या घसरगाड्या हाकत मुख्य भूमीवर जायचं, अशी योजना होती. पण इथल्या समुद्री बर्फाचा भरवसा नव्हता आणि तेच कायम नडलं.

शेवटी बर्फानेच केंद्रातल्या माणसांना अडवलं. न्यायला आलेलं 'बिस्को' जहाज सुमारे ५० किलोमीटरवर अडकलं. मदतीला आलेल्या अमेरिकेच्या दोन बर्फफोड्या जहाजांचंही काही चाललं नाही. मग माणसांनी नोंदवह्या आणि अगदी गरजेचं तेवढं गाड्यांवर लादलं, घर बंद केलं आणि बर्फावरून चालत जहाज गाठलं. जवळजवळ नेसत्या वस्त्रानिशीच म्हणायचं.

स्टीव्ह नावाचा कुत्रा मात्र ऐनवेळी निसटून मागे पळाला. त्याला तसंच सोडून निघावं लागलं. गाइडने हे सांगितलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. पण काही महिन्यांनी स्टीव्ह दूर दक्षिणेच्या हॉर्सशू बेटावरच्या केंद्रात हजर झाला, तोही धडधाकट! अंधारातून, बर्फावरून, एकटा. तो वाटेत काय खात असेल, याचा विचार अजून माझा पिच्छा सोडत नाही.

बाहेर आले तर समुद्र पार मोकळा होता. आमचं जहाज समोरच उभं होतं, हाकेच्या अंतरावर.